ॲलर्जीचा कागद

चंद्रपूर, ६ नोव्हेंबर २०२४

रूही,

दुआ.

पाकिटावरचं अक्षर पाहूनच तुला कळलं असेल. माझा नंबर तू ब्लॉक केलास, म्हणून पोस्टाने पाठवते आहे. रजिस्टर केलं आहे. सही करून घेशील, एवढीच आशा. उर्दू तुलाही लिहिता येत नाही आणि मलाही नाही. आपण दोघी आलापल्लीच्या मराठी शाळेच्या, आणि वीस वर्षं अंगणवाडीचे अहवाल लिहून माझा हात याच भाषेत बसला आहे.

कामाचं लिहिते. तुझ्या बहिणीला, गुड्डीला, २ ऑक्टोबरला मुलगी झाली, हे बिलालने तुला कळवलंच असेल. डॉक्टर म्हणाले चंद्रपूरलाच ठेवा, म्हणून बाळंतपण माहेरी न होता तिच्या सासरी, घुटकाळ्यात झालं. मी चाळीस दिवसांसाठी इथं येऊन राहिले आहे.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. मग ती गप्प झाली. बाळ रडलं की भिंतीकडे तोंड करते. दूध पाजायला बाळ तिच्या मांडीवर द्यावं लागतं. पाजून झालं की मी बाळ उचलते, पण तिचे हात तसेच राहतात, बाळ धरल्यासारखे. परवा मला म्हणाली, "हिले दुसऱ्या कोणाले द्या. मले जमत नाई." काही विचारलं तर उत्तर यायला वेळ लागतो. तुझ्या अब्बांना लागायचा, तेवढाच.

बिलाल चांगला जावई आहे. दिवसभर लोकांचे फ्रिज दुरुस्त करतो आणि घरी आल्यावर बाळाचे कपडे धुतो. त्यानेच तिला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. मॅडम म्हणाल्या, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन आहे, गोळीने फरक पडेल, दूध पाजणं चालू ठेवता येईल. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला औषधाची ॲलर्जी आहे का? बिलालने ऐकलं होतं तेवढं सांगितलं, की सासऱ्यांना अशाच गोळीने चेहरा सुजला, कातडी निघाली, डॉक्टरने लिहून ती बंद केली. त्याची आई हमीदाबी शेजारीच बसली होती. तिने तिथंच सांगून टाकलं, आमची बहू या गोळीला हात लावणार नाही.

मॅडम म्हणाल्या, बापाची ॲलर्जी लेकीला असेलच असं नाही, पण नेमकं काय झालं होतं ते मला पाहू द्या. तो कागद आणा. दोन आठवड्यांनी परत बोलावलं आहे.

तर माझं विचारणं एवढंच. तू नर्स आहेस. बापाची ॲलर्जी लेकीत उतरत नाही, हे तू बिलालला फोन करून नीट समजावून सांग. तुझं ते ऐकतील. मग कागदाचं काम पडणार नाही.

तुझ्या अब्बांचं तुला ठाऊकच आहे. डोळे सुजून बंद झाले होते, खाज सहन होईना म्हणून त्यांनी दाढीसुद्धा काढून टाकली. गोळीनेच झालं ते. डॉक्टरने तसं लिहिलं.

उत्तर दे. माझ्यासाठी नको, गुड्डीसाठी दे.

अम्मी


आलापल्ली, १३ नोव्हेंबर २०२४

रूही,

पोचपावती आली. तुझी सही पाहिली. उत्तर नाही.

कागद आणायला म्हणून मी काल इथं आले. आष्टीच्या पुढे बस दीड तास बंद पडली, घरी पोचले तेव्हा अंधारलं होतं. घर महिनाभर बंद होतं. सकाळी तुझ्या अब्बांच्या कारखान्याचं दार उघडलं. तुझ्या चाचांनी, अजीमभाऊंनी, मशीन नेली, पण हातची हत्यारं तशीच आहेत. मी पुसून ठेवली.

ते आजारी पडले तेव्हा मी तुला काय काय सांगितलं होतं ते आठवत होते. कारण काहीच नव्हतं. सागवानाची कामं हातात होती, घरात भांडण नव्हतं. एक दिवस ते रंधा गुडघ्यावर ठेवून बसले आणि दुपारपर्यंत तसेच बसून राहिले. त्यानंतर रोज तसंच. लोक म्हणाले नजर लागली. मी दोन ठिकाणी नेलं, ताईत बांधला. तू फेब्रुवारीत नाशिकहून सुट्टी काढून आलीस आणि त्यांना चंद्रपूरला घेऊन गेलीस. गोळी सुरू झाली. सहा आठवड्यांनी ते स्वतः उठून चौकात चहाला गेले, त्या दिवशी मी तुला फोन केला होता. तू फोनवर रडलीस.

हे सगळं मी विसरलेली नाही, एवढंच सांगायचं होतं.

कागद शोधला. कपाट, पेट्या, गादीखाली, सगळीकडे पाहिलं. सापडला नाही. मॅडमला तसं सांगावं लागेल.

हे लिहीत होते तेवढ्यात बिलालचा फोन आला. आज सकाळी गुड्डीने बाळाला दुपट्यात गुंडाळून बाहेर ओट्यावर ठेवलं आणि आत जाऊन दाराला कडी लावून घेतली. ओटा रस्त्याला लागून आहे. भाजीवालीने बाळ उचललं आणि दार ठोकत राहिली. गुड्डीने उघडलं नाही. बिलाल कामावरून आला तेव्हा तिने उघडलं आणि म्हणाली, कोणीतरी चांगलं माणूस घेऊन जाईल म्हणून ठेवली होती.

मी दुपारच्या बसने निघते आहे.

अम्मी


चंद्रपूर, १७ नोव्हेंबर २०२४

रूही,

मागच्या दोन पत्रांत मी खोटं लिहिलं. आधी ते दुरुस्त करते.

कागद हरवलेला नाही. अंगणवाडीच्या लोखंडी पेटीत, जुन्या वजनकाट्याखाली तो अडीच वर्षं आहे. मी तो शोधलाच नव्हता. तो कुठं आहे ते मला ठाऊक होतं. येताना पदरात बांधून आणला. आणि दाढी त्यांनी काढली नव्हती. मी काढली.

गुड्डीची मंगनी एप्रिलच्या त्या रविवारी होती. तुला सुट्टी मिळाली नाही म्हणून तू आली नव्हतीस. शनिवारी सकाळी तुझे अब्बा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. गोळीने ते बोलायला लागले होते, जेवायला लागले होते, पण आजारपणात गाल खोल गेलेले आणि दाढी पांढरीफटक. चंद्रपूरहून अकरा माणसं येणार होती. हमीदाबीने आधीच आपल्या गल्लीतल्या एकीकडून विचारून घेतलं होतं, मुलीच्या बापाचं डोकं ठीक आहे ना म्हणून. मी दुकानातून काळ्या मेहंदीचं पाकीट आणलं.

ते नको म्हणत होते. "जाहिदा, राहू दे ना. जे हाय ते हाय."

मी म्हटलं, लेकीसाठी एवढं करा. मग ते मान वर करून बसले. मी ब्रशने दाढी रंगवली. पाकिटावर लिहिलं होतं त्याहून जास्त वेळ ठेवली, रंग पक्का बसावा म्हणून. आधी हातावर थोडं लावून पाहा असंही लिहिलं होतं, ते मी वाचून सोडून दिलं. धुताना ते म्हणाले, आग होऊन राह्यली. मी म्हटलं, होतेच थोडी.

मंगनी चांगली झाली. ते पाहुण्यांशी बोलले, सागवानाची पारख कशी करायची ते बिलालच्या मामांना सांगितलं. हमीदाबी मला म्हणाली, समधीजी तर एकदम जवान दिसतात.

सोमवारी सकाळी त्यांचा जबडा सुजला होता. दुपारपर्यंत डोळे सुजून मिटले. दाढीतून पाणी गळायला लागलं, त्याच्या पिवळ्या खपल्या झाल्या. संध्याकाळी मानेवर आणि छातीवर लाल पुरळ आलं. मला कळलं नाही, असं मी म्हणणार नाही. जिथं जिथं ब्रश फिरला होता तिथूनच ते सुरू झालं होतं. मी कात्री घेतली. मी काळे केस कापत गेले. केस चुलीत टाकले. मग त्यांना दवाखान्यात नेलं.

तिथं एक तरुण डॉक्टर होता. त्याने नीट विचारलं.

"बाई, चेहऱ्याला नवीन काही लावलं का? साबण, तेल, डाय?"

"नाई."

"कोणती गोळी चालू आहे?"

मी पर्समधून त्यांच्या गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली.

तुझे अब्बा शेजारी होते. त्यांना दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. ते काही बोलले नाहीत. मला सांभाळून घेतलं, की त्यांना बोलायचं सुचलं नाही, हे मला कधी कळणार नाही.

तो डॉक्टर चुकला नाही. त्याला जे सांगितलं त्यावर त्याने लिहिलं. पहिली ओळ होती, या औषधाची ॲलर्जी असण्याची शक्यता, तूर्त बंद ठेवावे. दुसरी ओळ होती, मानसोपचार डॉक्टरांना लगेच दाखवावे. पहिली ओळ मी सगळ्यांना वाचून दाखवली. दुसरी कुणालाच नाही. अजीमभाऊंना वाचता येतं, म्हणून कागद अंगणवाडीत नेऊन ठेवला.

काऊन केलं, ते सांगते. आधी नुसती लाज होती, की नवऱ्याचं तोंड मी असं करून ठेवलं. डॉक्टरसमोर खोटं बोलताना एवढंच होतं. पण कागद हातात आल्यावर दुसरं सुचलं. ती पट्टी घरात असली की मला धसका असायचा. कुणी पाहिली, कुणी नाव वाचलं, तर लग्न मोडेल. आता सरकारी शिक्क्यानिशी कोणीतरी बंद करा म्हणून लिहून दिलं होतं. मला तो कागद पाहिजे होता, रूही. मला बरं वाटलं.

तू फोनवर सांगितलंस, अम्मी, गोळी अशी एकदम बंद करत नाहीत, मनाच्या डॉक्टरकडे घेऊन जा, ते बदलून देतील. मी हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात तू विचारलंस, तर मी म्हटलं जाऊन आलो, डॉक्टर म्हणाले आता गरज नाही. आम्ही कुठंच गेलो नव्हतो. तू नर्स असून विश्वास ठेवलास, कारण सांगणारी आई होती.

तीन आठवड्यांत चेहरा बरा झाला. एक डाग राहिला नाही. आणि माणूस पुन्हा खाली गेला. मे महिन्यात चहाला जाणं थांबलं. जूनमध्ये बोलणं थांबलं. मी रोज बघत होते आणि रोज म्हणत होते, लग्नाची तारीख ठरली की नेऊ. जुलैत एका सकाळी ते नमाजला म्हणून निघाले आणि मशिदीत पोचले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाल्याच्या वळणावर सापडले. तू आलीस तेव्हा कबरीला मिट्टी देऊन झाली होती.

तिजाला, मातीनंतरच्या तिसऱ्या दिवशी, अजीमभाऊ सगळ्यांसमोर बोलले. पोरीने शिकल्याचा माज केला, बापाला पागलपणाच्या गोळ्या चारल्या, रक्त नासवलं, अंगावर उठलं ते सगळ्यांनी पाहिलं. तू म्हणालीस, अम्मी, तू सांग ना यांना, मी बदलून घ्यायला सांगितलं होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी खाली पाहिलं.

तू बॅग उचललीस. मी दारापर्यंतसुद्धा आले नाही.

उद्या नाही, परवा मॅडमने बोलावलं आहे. हमीदाबीने तिथं येण्याचं कबूल केलं आहे, पण कागदात ॲलर्जी लिहिलं असेल तर गोळी नाही म्हणते. कागदात लिहिलंच आहे. आता मी काही बोलले नाही तर मॅडम दुसरं काही शोधतील, वेळ जाईल, आणि वेळ गेला की काय होतं ते मी पाहिलं आहे.

तुला आधी सांगायचं होतं. परक्यांच्या आधी तुला.

अम्मी


चंद्रपूर, २० नोव्हेंबर २०२४

रूही,

सांगितलं.

मॅडमच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. गुड्डी खुर्चीवर, बिलाल बाळ घेऊन उभा, हमीदाबी आणि मी बाकावर. मॅडमने कागद वाचला आणि मला विचारलं, सूज कुठून सुरू झाली होती? मी म्हटलं, दाढीतून. मग सगळंच सांगितलं. ब्रश, कात्री, चूल, डॉक्टरला दिलेलं उत्तर, न वाचलेली ओळ. मध्ये कुणी थांबवलं नाही. बाळ एकदा रडलं तेव्हा मी थांबले, मग पुढे सांगितलं.

मॅडम रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, समोर पेशंट नाही, म्हणून शंभर टक्के सांगता येत नाही, पण हे काळ्या रंगाचं दिसतं. त्या रंगात एक केमिकल असतं, ते कुणाकुणाला असंच उठतं, एकदोन दिवसांनी. "गोळीचं पुरळ बहुतेक अंगभर उठतं, बाई. दाढीच्या आकारात उठत नाही."

मग त्यांनी हमीदाबीलाही समजावलं. गोळीने पुरळ येतच नाही असं मी म्हणणार नाही, थोड्यांना येतं. गोळी सुरू केल्यावर अंगावर काही उठलं, ताप आला, तोंडात फोड आले, तर घरी काही ठरवू नका. त्याच दिवशी इथं या.

मी विचारलं, गोळी बंद झाली नसती तर ते राहिले असते का? मॅडमने पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ते कुणीच सांगू शकत नाही. मग म्हणाल्या, पण त्यांना बरं वाटत होतं, हे तुम्हीच सांगितलं.

बाहेर आल्यावर हमीदाबी हिंदीत म्हणाली, तुम्ही आम्हाला फसवून मुलगी दिली. मी म्हटलं, हो.   बिलालने औषधं घेतली आणि तिथंच नळावर गुड्डीला पहिली गोळी दिली.

गुड्डी पूर्ण वेळ फरशीकडे पाहत होती. मला वाटतं तिने ऐकलं नाही.

अम्मी


चंद्रपूर, १ डिसेंबर २०२४

रूही,

काल गुड्डीच्या पोटावर आणि दंडावर लाल पुरळ आलं.

आंघोळ घालताना मलाच दिसलं. बारीक, उष्णतेच्या घामोळ्यासारखं, पण घामोळं नव्हे. बारावा दिवस होता गोळीचा. तुला खरं सांगते, माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की कुणाला दाखवू नये. बाही खाली ओढून घ्यावी. एवढं सगळं झाल्यावरसुद्धा माझ्या मनात पहिलं तेच आलं.

मी बिलालला हाक मारली.

हमीदाबी धावत आली आणि कपाळावर हात मारला. म्हणाली, पाहा, बापासारखंच झालं, बंद करा. बिलालने कुणाशी वाद घातला नाही. ऑटो आणली, गुड्डीला बसवलं, मला म्हणाला, "तुम्ही पण चला. काय काय लावलं ते तुम्हालेच माहीत."

मॅडमने पुरळ पाहिलं, तोंड उघडून पाहिलं, ताप पाहिला. मग विचारलं, नवीन काही लावता का? मी सगळं सांगितलं. मालिशचं तेल, बाळंतिणीचं उटणं, शेगडीत घालायची वावडिंगाची धुरी, साबण बदलला तो. त्या म्हणाल्या, तेल आणि उटणं तर महिन्यापासून चालू आहे, पुरळ आता आलं. गोळीचंच दिसतं. साधं आहे, भिण्यासारखं नाही. ही बंद करा, ही दुसऱ्या प्रकारची घ्या, आणि खाजेसाठी हे. दोन ओळी लिहिल्या. चार दिवसांनी दाखवायला सांगितलं. पुढच्या पेशंटला हाक मारली.

पाच मिनिटं लागली, रूही. आत जाऊन बाहेर येईपर्यंत पाच मिनिटं.

जटपुरा गेटजवळ ऑटो थांबवायला लावली.   फूटपाथवर बसून राहिले. बिलालने पाण्याची बाटली आणून दिली आणि दुसरीकडे पाहत उभा राहिला.

तुझ्या अब्बांना खरंच गोळीने उठलं असतं, तरीसुद्धा एवढंच करायचं होतं. तू हेच सांगत होतीस.

अम्मी


चंद्रपूर, २८ डिसेंबर २०२४

रूही,

गुड्डी बरी होते आहे. पुरळ चार दिवसांत गेलं. नव्या गोळीने आधी काही वाटलं नाही, मी घाबरले होते, पण गेल्या आठवड्यापासून ती बाळाचं रडणं ऐकून मान वळवते. परवा स्वतः उठून बाळाला घेतलं. काल तिला कुणीतरी दिलेलं टोपरं घातलं आणि म्हणाली, लई मोठं होते हे. बिलाल दारात उभा होता, तो आत आलाच नाही, जिन्यावर जाऊन बसला.

आज दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी भाकरी करत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"अम्मी, ते डॉक्टरकडे सांगितलं ते खरं होतं?"

म्हणजे तिने ऐकलं होतं. एक महिना तिने ते आत ठेवलं होतं.

मी म्हटलं, खरं.

"माझ्या मंगनीसाठी?"

मी म्हटलं, नाई बेटा, माझ्यासाठी. तू मध्ये कुठी नव्हतीस. मी भ्याली होती.

ती तव्याकडे पाहत होती. भाकरी जळत होती, मी उतरवली नाही. मग ती म्हणाली, "तू आता आलापल्लीले जा. मी तुले बोलावतो कधी, पण आत्ता जा. तुझ्या हातचं खाववत नाई मले."

आधी ती कुणावरच चिडत नव्हती. आता चिडली. मॅडमला विचारलं असतं तर त्या याला चांगलंच म्हणाल्या असत्या. मीही चांगलंच म्हणते.

उद्याची सकाळची बस आहे. बाळाचं नाव ठरलं नाही अजून. तिला माझ्याजवळ द्या असं मी कुणाला म्हटलं नाही, ती झोपली होती तेव्हा पाहून आले.

अम्मी


आलापल्ली, ९ जानेवारी २०२५

रूही,

तू चंद्रपूरला येऊन गेलीस, असं बिलालने कळवलं. दोन दिवस राहिलीस, बाळाला न्हाऊ घातलंस, हमीदाबीला गोळ्यांच्या वेळा लिहून भिंतीला चिकटवून दिल्यास. मी गेल्यावर तीन दिवसांनी आलीस. तारखा पाहून आली असशील. बरं केलंस.

एक काम राहिलं होतं, ते काल केलं.

जुम्म्याची वाट पाहिली नाही. बुधवारीच अजीमभाऊंकडे गेले. ते लाकडाच्या टालीवर होते, सोबत त्यांचा मुलगा आणि इसरूभाऊ फाळकेकर, तिजाला होते तेच. मी म्हटलं, तुम्ही तिजाच्या दिवशी सगळ्यांसमोर बोलला होता, म्हणून मीही या दोघांसमोर बोलते. आणि सगळं सांगितलं. आता सांगायची सवय झाली आहे, आवाज कापत नाही. त्याचीच जास्त लाज वाटते.

इसरूभाऊ उठून बाहेर गेले. अजीमभाऊ लाकडावर बसले. त्यांच्या मिशीत भुसा होता, तो पुसत राहिले. म्हणाले, "भाभी, मी त्या पोरीले खुनी म्हटलं." मी म्हटलं, म्हटलं. ते म्हणाले, "अन तुम्ही बसून होत्या." मी म्हटलं, होती.

त्यांनी मला काही वाईट बोललं नाही. नंतर बाहेर बोलले असतील. गल्लीत कालपासून बायका दार लावून घेतात. मोहल्ल्यातली दोन लेकरं आज अंगणवाडीत पाठवली नाहीत. हे तुला तक्रार म्हणून लिहीत नाही. अडीच वर्षं हे तुझ्या नावावर होतं.

मग अजीमभाऊंनी फोन काढला. म्हणाले, मी लावतो तिला. मला वाटलं तू त्यांनाही ब्लॉक केलं असशील. त्यांनी स्पीकर चालू केला, त्यांना तसंच ऐकू येतं आता. तीनदा वाजला. तू म्हणालीस, हां चाचा.

तुझा आवाज जाड झाला आहे थोडा. सर्दी होती का?

अजीमभाऊ माफी मागू लागले, पण त्यांना ते जमत नव्हतं. बेटा, बेटा एवढंच म्हणत होते. तू त्यांना पाणी प्या म्हणालीस. त्यांच्या मुलाने पाणी दिलं. मग ते म्हणाले, तुझी अम्मी इथंच बसली आहे, देऊ का?

तू थांबलीस.  टालीच्या दुसऱ्या बाजूला रंधा मशीन चालू झालं, इसरूभाऊंनी लावलं असेल. त्या आवाजात तू काहीतरी म्हणालीस आणि फोन ठेवलास.

तू "आज नको" म्हणालीस, की नुसतं "नको" म्हणालीस, ते मला नीट ऐकू आलं नाही. अजीमभाऊंनी फोन खिशात ठेवला. मी त्यांना विचारलं नाही.

अम्मी